स्कॅन नॉर्मल, डोकं जड

ऊस गाळप सुरू झालं की नळदुर्ग-उमरगा पट्ट्यात रात्री ट्रॉल्या रस्त्यावर असतात. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. हेल्मेटशिवायचा दुचाकीस्वार अशा ट्रॉलीवर आदळला आणि वाचला, तर धाराशिवला किंवा सोलापूरला त्याचा सीटी स्कॅन होतो. 'नॉर्मल आहे, मुका मार आहे' ऐकून घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात.

डोकं मात्र ठणकत राहतं. हरभऱ्याची रास करताना मळणीयंत्राचा आवाज सोसत नाही, ऊन डोळ्यांत घुसतं. 'स्कॅन चांगला आहे, मग नाटक कशाला?' हे ऐकावं लागतं ते वेगळंच. हा त्या माणसावर उघड अन्याय आहे.

स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कवटीची चीर दिसते. दुखणं दिसत नाही. 1974 साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी शुद्ध मोजण्याची पट्टी दिली. तिच्यात 13 ते 15 गुण म्हणजे सौम्य इजा. पण डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांवरून दिलेले हे गुण पुढच्या डोकेदुखीबद्दल फारसं सांगत नाहीत.

ते सांगतो पेशंटचा पूर्वेतिहास. आधी अर्धशिशी होती का? पूर्वी डोक्याला मार लागला होता का? पहिल्या दिवसांत दुखणं किती तीव्र होतं? झोप, धास्ती, उदासी कशी आहे? कॅनडात पाच ते अठरा वर्षांच्या सुमारे 3,000 मुलांचा अभ्यास करून 2016 मध्ये अशाच साध्या नोंदींवरून 12 गुणांची मोजणी तयार झाली. महिनाभराने त्रास कुणाला उरेल, हे तिने डॉक्टरांच्या नुसत्या अंदाजापेक्षा बरं ओळखलं. अचूक नव्हे, पण बरं.

अंदाजाचा उपयोग तारीख सांगण्यापुरता नाही. ज्याची डोकेदुखी रेंगाळण्याची शक्यता जास्त, त्याला लवकर परत बोलावता येतं. तीन महिन्यांपुढे गेलेली डोकेदुखी चिवट मानतात, आणि तोवर मेडिकलवरून आणलेल्या गोळ्या रोजच्या झालेल्या असतात. महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी घेत राहिलं, तर काही महिन्यांत गोळीनेच डोकेदुखी टिकून राहू शकते. आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहणंही हिताचं नाही. एक-दोन दिवस आराम, मग हळूहळू काम. उलट्या, गुंगी, वाढतच जाणारं दुखणं असेल तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा.

हे सगळं डिस्चार्ज कार्डावर मराठीत चार ओळींत मावतं. दहाव्या दिवशी आशाताईंनी दारात जाऊन दुखणं, झोप आणि गोळ्यांचा हिशेब विचारला, तर परत कुणाला बोलवायचं ते तिथेच कळेल.