तीन पंगती

तालुक्याच्या कचेरीत उताऱ्याचं काम घेऊन जोयड्याला आलेल्या माणसाचा दिवस पुष्कळदा असा जातो. सकाळच्या बसने तो गावात उतरतो, कागद आत देतो आणि साहेब जेवणानंतर भेटतील असं ऐकून बाहेर येतो. परतीची बस दुपार कलल्यावर आहे. मधला वेळ काढायचा कुठे? झाडाखाली बसता येतं, कचेरीच्या पायरीवरही बसता येतं. पण तो बसस्टँडजवळच्या हॉटेलात शिरतो, चहा सांगतो आणि बाकावर टेकतो. चहा पाच मिनिटांत संपतो. माणूस मात्र अर्धा तास बसून राहतो. कुणी त्याला कुठला, कुणाचा, कशाला आलास असं विचारत नाही.

या माणसाने दहा-पंधरा रुपयांत नेमकं काय विकत घेतलं? चहा तर घरीही मिळतो, आणि घरचा बहुधा जास्त चांगला असतो. माझ्या मते त्याने घेतली ती जागा. चारचौघांत, कुणाचाही पाहुणा न होता, कुणाच्याही उपकाराखाली न येता बसण्याची जागा. बाहेर जाऊन चहा-कॉफी पिणं, काहीतरी खाणं याला आपण चैन समजतो किंवा सोय समजतो. त्याच्या आत बरोबरीची एक मोठी गोष्ट दडलेली आहे. ती जोयड्यासारख्या, शहर नसलेल्या तालुक्यातून जास्त स्पष्ट दिसते.

हा तालुका उत्तर कन्नड जिल्ह्याच्या वरच्या कोपऱ्यात, गोव्याला आणि बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला लागून आहे. बहुतेक सगळं जंगल. काळी व्याघ्र प्रकल्पाचा मोठा भाग इथेच येतो. कुंभारवाडा, डिग्गी, अणशी, उळवी, जगलबेट, कॅसलरॉक ही गावं एकमेकांपासून लांब, आणि गावातले वाडेही पांगलेले. तालुक्याचं मूळ ठिकाण सुपा. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं हे गाव. गणेशगुडीला काळीवर शंभर मीटरहून उंच धरण बांधलं गेलं, 1980च्या दशकात सुप्याचा बाजार, रस्ते, घरं पाण्याखाली गेली आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या. उठलेल्या कुटुंबांपैकी पुष्कळ जण रामनगरला वसले. म्हणजे इथल्या माणसाला कामासाठी लांब जावं लागतं, गेल्यावर थांबावं लागतं, आणि थांबायचं ते अशा गावात जिथे त्याचं आपलं घर नाही. भूक आणि वाट पाहणं ही दोन्ही त्याच्याबरोबर प्रवास करतात.

अशा माणसापुढे तीन पंगती असतात. पहिली घरची, दुसरी देवाची, तिसरी हॉटेलातली.

घरची पंगत सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत मायेची. जोयड्यातल्या कुणबी घरात दारी आलेल्या माणसाला उपाशी पाठवत नाहीत. याच घरांनी कणगी, कोनफळ, अळकुड्या अशा कितीतरी कंदांची वाणं परसात आणि कुमरीच्या, म्हणजे फिरत्या शेतीच्या, जमिनीवर पिढ्यान् पिढ्या जपली. जोयड्यात भरणारा कंदमुळांचा मेळा त्यामुळेच आज दूरवर ओळखला जातो. अशा घरी उकडलेला कंद आणि मिरचीची चटणी पुढ्यात येते तेव्हा ते अन्न विकत मिळणारं नसतं. पण या पंगतीला एक अट आहे. तिथे तुम्हाला कुणीतरी असावं लागतं: सोयरा, गाववाला, ओळखीच्याचा ओळखीचा. यजमान देतो आणि पाहुणा घेतो. पाहुण्याला बसायचं कुठे, किती वेळ बसायचं, काय बोलायचं याची मर्यादा पाळावी लागते, आणि घेतलेलं कधीतरी फेडायचं असतं. शिवाय घराची पंगत जात पाहते. ओसरीपर्यंत कोण, माजघरापर्यंत कोण, हे आपल्या घरांनी शतकानुशतकं ठरवून ठेवलं होतं. पाहुणचार कितीही मनापासून केला, तरी त्यात एक जण वर असतो आणि एक जण खाली.

दुसरी पंगत देवाची. तिचं थोर उदाहरण याच तालुक्यात, उळवीला आहे. बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणमध्ये उलथापालथ झाली, बसवण्णांच्या मागे गेलेले शरण पांगले, आणि बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा या जंगलात उळवीला येऊन समाधिस्थ झाले अशी परंपरा आहे. माघाच्या जत्रेला उत्तर कर्नाटकातून बैलगाड्या येतात आणि दासोहात, म्हणजे तिथल्या अन्नदानात, हजारो माणसं जेवतात. शरणांच्या विचारात दासोहाला फार मोठं स्थान आहे. आपल्या श्रमाच्या कमाईतला वाटा समाजाला द्यायचा आणि जातीचा भेद न मानता एका पंगतीत बसायचं. घरच्या पंगतीची उतरंड मोडण्याचा हा आठशे वर्षांपूर्वीचा प्रयत्न होता, आणि तो मनापासून नमस्कार करावा असा आहे. तरी या पंगतीलाही आपली वेळ आहे आणि आपला भाव आहे. तिथे माणूस भक्त म्हणून बसतो. हात जोडून घेतो, प्रसाद म्हणून खातो. कचेरीच्या कामात अडकलेल्या, वैतागलेल्या, कुणाशी बोलायची इच्छा नसलेल्या माणसाला आडदिवशी दुपारी बसायला ती पंगत नसते.

तिसरी पंगत हॉटेलाची. तिथे तुम्हाला कुणीही असावं लागत नाही. सोयरा नाही, भक्त नाही, फक्त गिऱ्हाईक. हा शब्द आपण कोरडा समजतो. पण कोरडेपणातच त्याचं मोठेपण आहे, कारण घेतलेल्याची फेड जागच्या जागी होते. पैसे गल्ल्यावर ठेवले की देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं खातं मिटलं. कुणी कुणाचं देणं लागत नाही, म्हणून कुणी कुणाच्या खाली नाही. ज्या गावात आपली काहीच ओळख नाही तिथेही ताठ बसता येतं.

रामनगरच्या हमरस्त्यावर हे रोज पाहायला मिळतं. बेळगावहून अनमोडच्या घाटाने गोव्याला जाणारी वाट इथूनच जाते. ट्रकचा ड्रायव्हर, माहेराहून परतणारी बाई, वन खात्याचा गार्ड, गोव्यात कामाला निघालेली पोरं एकाच बाकावर येतात. इडली-वडा किनाऱ्याकडून आला, केळं घालून केलेले बन्सही तिकडचेच. मिरची भजी धारवाडकडची, पाव-भाजी गोव्याची. मराठीत मागा, कोंकणीत मागा, कन्नडमध्ये मागा, बशी पुढ्यात येते. ज्या तीन भाषांवरून आणि सीमेवरून मोठमोठे वाद झाले, त्या इथे एका टेबलावर मीठ पुढे सरकवतात. कुणी कुणाच्या घरी आलेलं नसल्यामुळे कुणाला आपली भाषा बाहेर ठेवून यावी लागत नाही.

हे सगळं फक्त पैशाने झालं असं मात्र समजू नये. पैसे असूनही कित्येकांना बाक मिळत नव्हता. तालुक्याच्या टोकाला असलेलं कॅसलरॉक हे ब्रिटिश हिंदुस्थानचं पोर्तुगीज गोव्याच्या हद्दीवरचं स्थानक. जकातीच्या तपासणीसाठी गाड्या तिथे खोळंबायच्या. रेल्वेने डब्यात माणसं शेजारी बसवली खरी, पण त्या काळात देशभरच्या फलाटांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं मिळत असे. गावोगावच्या चहाच्या दुकानांत दलित गिऱ्हाइकाची कपबशी निराळी असे. त्याने ती बाहेर बसून प्यायची आणि स्वतः विसळून ठेवायची. दाम तोच, जागा मात्र निराळी.

ही गाठ कुठे सोडवायची ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ओळखलं होतं. त्यांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्यावरून मार बसला. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. गंगारामांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं, पण सवर्ण तिकडे फिरकेनात. तेव्हा महाराज स्वतः त्या हॉटेलापुढे थांबून गंगारामांच्या हातचा चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. राजाला सहभोजनाचा मोठा समारंभ घालता आला असता. त्यांनी हॉटेल निवडलं. समारंभ एका दिवसाचा असतो आणि हॉटेल रोज सकाळी उघडतं, हे त्यामागचं शहाणपण मला फार मोलाचं वाटतं.

पुढे राज्यघटनेच्या 15व्या अनुच्छेदात दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांचा नाव घेऊन उल्लेख झाला. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथे कुणालाही मज्जाव करता येत नाही. 1955च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने तर उपाहारगृहात लोकांसाठी ठेवलेल्या भांड्यांच्या वापराचाही हक्क सांगितला. देशाच्या मूलभूत हक्कांच्या यादीत चहाच्या बाकाला जागा द्यावी लागली, यावरून त्या बाकाचं वजन कळतं. जोयड्यातला माणूस कपाला हात लावतो तेव्हा त्या हक्काच्या मागे हा सगळा झगडा उभा असतो.

स्त्रियांच्या वाट्याला हा बाक आणखी उशिरा आला. जुन्या हॉटेलांतल्या फॅमिली रूमच्या पडद्याआड त्या नवऱ्याबरोबर बसत. एकटीने बसणं गावाच्या नजरेत बसत नसे. घरच्या पंगतीत तर स्त्री बहुधा शेवटी बसते, वाढून झाल्यावर उरेल ते घेऊन. म्हणून दोन मैत्रिणी बेळगावात किंवा दांडेलीत ठरवून कॉफीला जातात, समोर बशी येईपर्यंत हात मांडीवर ठेवून निवांत बसतात, याला मी नुसती मौज म्हणणार नाही. आयुष्यभर वाढणाऱ्या माणसाला कुणीतरी वाढतं आहे, आणि त्याबद्दल आभाराचं ओझं नाही, हा अनुभव घर देऊ शकत नाही. कर्नाटकात जून 2023पासून सरकारी साध्या बसमधून स्त्रियांना फुकट प्रवास करता येतो. वाड्यावरून तालुक्यापर्यंतची वाट तिच्यासाठी सोपी झाली. उतरल्यावर टेकायला हक्काचा बाकही तितकाच गरजेचा आहे.

आता या विचारातली अवघड गाठ. पैसा बरोबरी देतो, तर पैसाच ती हिरावूनही घेतो. 1996मध्ये बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे उघडलं आणि तरुणांना तासन् तास बसायची नवी जागा मिळाली. मित्रमैत्रिणींना एकत्र बसायची घरात मोकळीक नव्हती, ती या टेबलांनी दिली. पण अशा जागेचा उंबरठा दरपत्रक असतं. जातीने अडवलेला माणूस कायद्याकडे जाऊ शकतो, किमतीने अडवलेला गुपचूप पुढे चालू लागतो. म्हणून हॉटेलाची बरोबरी शेवटी त्याच्या सगळ्यांत स्वस्त पदार्थावर तोलली जाते. कर्नाटकातल्या हॉटेलांनी यावर फार सुंदर तोड काढली आहे: बाय टू. एक कॉफी सांगायची, ती दोन पेल्यांत मिळते, आणि दोघांनाही बसायचा हक्क मिळतो. कधीकाळी ज्या समाजात दोघांचे पेले वेगळे ठेवले जात, तिथे एकाच भांड्यातलं पेय अर्धंअर्धं दोघांसमोर येतं. मुंबईची कटिंग त्याच रांगेतली.

सरकारी योजनांनीही हे मर्म कळत-नकळत सांभाळलं. ऑगस्ट 2017मध्ये बंगळुरात सुरू झालेल्या इंदिरा कॅन्टीनमध्ये नाश्ता पाच रुपयांना आणि जेवण दहा रुपयांना ठेवलं. महाराष्ट्रात 26 जानेवारी 2020ला सुरू झालेली शिवभोजन थाळीही दहा रुपयांची. एवढ्या पैशांनी खर्च भरून निघत नाही हे उघड आहे. मग घ्यायचे कशाला? कारण ते देणाऱ्याची मान वर राहते. फुकट मिळालेल्या भाताला नावं ठेवता येत नाहीत. पाच रुपये मोजलेला माणूस मात्र सांबार पातळ आहे असं सांगू शकतो, आणि हे सांगता येणं हीच नागरिकाची खूण.

घरच्या पंगतीची माया आणि दासोहाची थोरवी यांची जागा हॉटेल घेऊ शकत नाही, घेऊही नये. पण माया नात्यापुरती पोचते आणि दासोह श्रद्धेच्या वाटेने पोचतो. ज्याला यातलं काहीच लागू नाही, त्या परक्या, थकलेल्या, कामासाठी ताटकळलेल्या माणसासाठी तिसरी पंगत लागते. धरणाने गाव उठवलं तेव्हा कचेरी, शाळा, दवाखाना कुठे न्यायचा याचा विचार झाला. लोक एकमेकांना कुठे भेटतील, हे मात्र हॉटेलवाल्यांनी आपापल्या हिमतीवर ठरवलं. तालुक्याच्या गावात, आणि शहरातही, नवं बसस्थानक किंवा कचेरी उभी राहील तेव्हा तिच्या आराखड्यात स्वस्त चहाची, मोकळ्या बाकांची जागा पहिल्यापासून धरायला हवी. कमीत कमी पैसे खिशात असलेला माणूस तिथे किती वेळ, किती निर्धास्त बसू शकतो, यावर ते गाव सगळ्यांचं झालं की नाही हे ठरेल.