वरून सगळं छान दिसतं

नाशिकच्या माणसाची मान नेहमी वर असते, पण ती गर्वानं नव्हे. १९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना आला आणि तेव्हापासून आमच्या डोक्यावरून काही ना काही जातच असतं. गांधीनगरच्या तळावरून लष्कराची हेलिकॉप्टरं घरघरत जातात. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे. तिकडं तोफ धडाडली की इकडं एखादा पाहुणा दचकतो आणि आम्ही शांतपणे चहा ओततो. तर आम्ही मंडळी खालून वर पाहणारी. वरून खाली पाहणाऱ्याला आम्ही कसे दिसत असू, हा विचार माझ्या डोक्यात घातला तो नातवानं.

हा मुलगा मित्र जमवून एक खेळ खेळतो. १९७४ साली अमेरिकेत निघालेला, राक्षसांचा, जादूगारांचा आणि गुहांचा. म्हणजे थोडक्यात आमच्या पंचवटीचंच प्रकरण, फक्त पात्रं परदेशी. आमच्या जेवणाच्या टेबलावर रणभूमीचा नकाशा पसरतो. त्यावर एक-एक इंचाचे चौकोन. एक चौकोन म्हणजे पाच फूट. वीस बाजूंचा फासा पडतो आणि कोणाचं तरी मुंडकं उडतं. परवा एका ड्रॅगननं गावावरून फेरी मारली आणि सहा झोपड्या जाळल्या.

मी विचारलं, “काय रे, त्या झोपड्यांत राहत कोण होतं?”

“आजोबा, ते नुसतं बॅकग्राउंड आहे!”

आमच्या सौभाग्यवतींना एवढंच म्हणायचं होतं, की ते जळकं गाव आता उचला, पोळ्या गार होताहेत. मी मात्र त्या ‘बॅकग्राउंड’पाशी अडकलो. कारण मला वापिटी आठवली.

वापिटी हे खरं म्हणजे उत्तर अमेरिकेतलं एक मोठं हरीण. त्याचं नाव ज्या विमानाला दिलं, ते आपल्या हवाई दलाचं पहिलं विमान. हवाई दल स्थापन झालं ८ ऑक्टोबर १९३२ ला आणि पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं कराचीजवळच्या द्रिघ रोडला, १ एप्रिल १९३३ रोजी. (तारीख साहेबानंच ठरवली होती.) संपत्ती म्हणजे चार वापिटी. एकावर एक असे दोन पंख, डोक्यावर छप्पर नाही, पुढं वैमानिक आणि मागं टेहळ्या. पहिल्या महायुद्धातल्या विमानाचे सुटे भाग वापरता यावेत अशा बेतानं ते विमान बनवलेलं. थोरल्याची पँट आखडून धाकट्याला घालतात ना, तसं. त्यातलं एक अजून दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे.

या विमानांचं काम सरहद्दीवर. वझिरिस्तानच्या डोंगरांवरून फिरायचं, पाहायचं, फोटो काढायचे आणि हुकूम आला की बॉम्ब टाकायचे. मात्र इंग्रजांची एक रीत होती. आधी विमानातून पत्रकं टाकायची : अमुक दिवसापर्यंत गाव सोडा, नंतर आम्ही ते पाडणार आहोत. आमच्या नगरपालिकेच्या नोटिशीला निदान हरकत तरी घेता येते!

आता, ही पूर्वसूचना दिली म्हणजे पाप कमी होतं का? होतं, असं म्हणणारे बरेच होते. जमिनीवरून फौज पाठवली तर दोन्हीकडची माणसं जास्त मरतात, हा त्यांचा युक्तिवाद. मला तो अगदीच टाकाऊ वाटत नाही. पण घर म्हणजे नुसती त्यातली माणसं नव्हेत. कणगीतलं धान्य असतं, गोठ्यातली गुरं असतात, थंडीसाठी रचून ठेवलेली लाकडं असतात. हजारो फुटांवरून यांतलं काहीच दिसत नाही. दिसतो तो चौकोन.

त्याच काळात, १९३२ पासून, जिनिव्हाला नि:शस्त्रीकरणाची परिषद भरली होती. हवाई बॉम्बफेकीवर बंदी घालावी असा विषय निघाला. इंग्रज सरकारला बंदी मान्य होती, फक्त दूरच्या काही प्रदेशांत पोलिसी कामापुरती सवलत हवी होती. दूरच्या म्हणजे कुठून दूरच्या हो? वझिरिस्तान वझिरिस्तानपासून मुळीच दूर नाही.

आणखी एक गंमत ऐका. तिकडं उडणाऱ्या वैमानिकांच्या खिशात स्थानिक भाषेतली एक चिठ्ठी असे. या माणसाला धडधाकट परत आणून देणाऱ्याला बक्षीस मिळेल, अशा मजकुराची. म्हणजे कागद दोन. वरून टाकायच्या कागदावर ‘घर सोडा’, आणि स्वतःच खाली पडलात तर दाखवायच्या कागदावर ‘मला सोडा’. इंजिन बंद पडलं की माणसाचं भूगोलाचं ज्ञान फार झपाट्यानं वाढतं.

पण उंची वाईटच, असंही मला म्हणवत नाही. लंकेहून परतताना पुष्पक विमानातून रामानं सीतेला खालची ठिकाणं दाखवली, असं वाल्मीकींनी सांगितलंय. त्यात गोदावरी होती, जनस्थान होतं, त्यांची पर्णकुटीही होती. या भूमीवर रामाची पावलं आधी पडली होती, विमान नंतर आलं. त्यामुळं वरूनही त्याला झोपडी दिसली ती कोणाची तरी. नातवाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “पण आजोबा, रामाला पुष्पकमधून बॉम्ब टाकायचे नव्हते.” कार्टं बोलतं ते अगदी चूक नसतं.

म्हणून मग मी त्याला सुब्रतो मुखर्जींची हकिगत सांगितली. पुढं ते हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९४० च्या ऑगस्टमध्ये सरहद्दीवर उडताना त्यांना खाली जमिनीवर पसरलेल्या कापडी पट्ट्या दिसल्या. वेढ्यात सापडलेल्या आपल्या चौकीची ती खूण होती : दारूगोळा संपला. मुखर्जी आणि त्यांच्या मागच्या तोपचीनं आपल्याच बंदुकीच्या गोळ्या काढल्या, पायांतल्या मोज्यांत भरल्या आणि विमान खाली आणून ते मोजे चौकीवर टाकले.

नातू खूष. “भारी! मग ती चौकी वाचली?”

“वाचली.”

थोडा वेळ तो नकाशाकडं पाहत बसला. मग म्हणाला, “आणि त्या गोळ्या ज्यांना लागल्या, ते राहायला कुठं होते?”