माळढोक आणि शेजारधर्म

एखादा प्राणी वाचावा म्हणून त्याच्या शेजारी राहणाऱ्या गरिबाने नुकसान सोसावे, असे सांगण्याचा अधिकार इतरांस आहे काय? हा प्रश्न केवळ पंडितांचा नसून शेत कसणाऱ्यांचा व मेंढरे राखणाऱ्यांचा आहे. म्हणून वाचकहो, आपण त्याचा शांत चित्ताने विचार करू.

सोलापूर व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) ह्या जिल्ह्यांत १९७९ साली सरकारने माळढोक पक्ष्याकरिता अभयारण्य ठरविले. हा पक्षी उंच व वजनदार असतो. नर पंधरा किलोपर्यंतही भरतो. मादी उघड्या माळावर, जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालते. नाकतोडे, किडे व दाणे हे त्याचे अन्न होय. सारांश, माळ राहिला तरच माळढोक राहील.

परंतु त्या अभयारण्याची हद्द सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर आखली गेली. तीत माळांबरोबर गावे, शेते व बाजारपेठाही आल्या. ज्यांच्या शेतात तो पक्षी कधी उतरलाही नव्हता, त्यांच्याही जमिनीच्या व्यवहारांत अडचणी उत्पन्न झाल्या. पुष्कळ वर्षांच्या तक्रारींनंतर ती हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आली. दरम्यान माळ नांगरले गेले, विजेच्या तारा पसरल्या, आणि पक्षी घटतच गेला. २०११ साली जागतिक यादीत त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली. आज भारतात ते दीडशेहून अधिक नसावेत, व त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत, असा जाणत्यांचा अंदाज आहे.

आता दोष कोणाचा? शहरातील मनुष्य म्हणतो, खेडुतास पाखराची दया नाही. हे म्हणणे अन्यायाचे आहे. कायदा होण्यापूर्वी पिढ्यान् पिढ्या धनगराची मेंढरे व माळढोक एकाच माळावर चरत होती. उलट खेडूत म्हणतो, ह्या पाखराने आमचे वाटोळे केले. हेही न्यायाचे नव्हे. हद्दीची रेघ पक्ष्याने ओढली नव्हती. कागदावरील चुकीचा राग मुक्या जीवावर का काढावा?

आमचे मत असे आहे की, जे रक्षण सर्व देशास हवे, त्याचा भार सर्व देशाने उचलावा. गावास आधी विचारावे आणि नुकसान वेळेवर भरून द्यावे. जबरदस्तीने शेजारधर्म शिकविता येत नाही. तथापि भरपाई मिळेपर्यंत आपण कर्तव्यातून मोकळे आहो, असे कोणी समजू नये. गावाचा उरलेला माळ नांगराखाली न घालणे, पावसाळ्यात विणीच्या जागी कुत्री मोकाट न सोडणे, एवढे तर आपल्या हाती आहे.

शेवटी हे ध्यानात धरावे. शेतकऱ्यावर झालेला अन्याय उशिरा का होईना, दुरुस्त होऊ शकतो. ती हद्द कमी झालीच. परंतु जी जात एकदा नष्ट झाली, तिची भरपाई कोणतेही सरकार देऊ शकत नाही. म्हणून आपला हक्क अवश्य मागावा. मात्र तो मागताना माळावरचे ते एकुलते अंडे पायाखाली जाऊ देऊ नये.