शिक्षकाने बदलावे काय?

मराठी शाळेत शिकणारे मूल मकतबमध्ये येते आणि उस्तादांची उर्दू त्याला उमगत नाही. आजवर चाललेली पद्धत अचानक अपुरी पडते. अशा वेळी मुलास मंद ठरवावे, की आपण बदलावे? बदललो तर आपला अधिकार ढळेल, ही भीती शिक्षकाच्या मनात असते.

हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांनी इशाच्या नमाजमध्ये सूरह बकराचे पठण आरंभिले, तेव्हा दिवसभर राबून थकलेला एक मनुष्य जमाअत सोडून निघून गेला. गोष्ट प्रेषित (स.) यांच्या कानी गेली. त्यांनी त्या थकलेल्या माणसाला दोष दिला नाही, मुआज (रजि.) यांनाच समज देऊन लहान सूरह पढण्यास सांगितले. नमाज तीच राहिली, पठणाचे माप तेवढे बदलले.

पद्धत बदलणे त्यामानाने सोपे. स्वतःचे मत बदलणे कठीण. कोकणातील मुस्लिम बांधव ज्यांच्या फिकहचे अनुसरण करतात, त्या इमाम शाफई (रह.) यांनी तेही केले. इराकमध्ये त्यांची मते शिष्यांनी लिहून घेतली होती, कीर्ती झाली होती. हिजरी 199 च्या सुमारास ते इजिप्तला गेले आणि तेथे त्यांनी आपली अनेक मते नव्याने तपासली, काही सोडून दिली, ‘अर-रिसाला’ हा ग्रंथही पुन्हा लिहिला. हिजरी 204 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची ‘कदीम’ आणि ‘जदीद’ मते आजही अभ्यासली जातात. या बदलाने त्यांचा मान उणावला नाही.

मात्र लवचीकपणा म्हणजे तत्त्वशून्यता नव्हे. इमामांची मते बदलली, परंतु कुरआन व सुन्नत हे प्रमाण बदलले नाही. म्हणून शिक्षकाने स्वतःला एवढेच विचारावे: मी कोणासाठी बदलत आहे? लोकांच्या मर्जीसाठी बदलणारा वाहवत जातो. सत्यासाठी आणि विद्यार्थ्यासाठी बदलणारा आपल्या कर्तव्याशी अधिक प्रामाणिक होतो. आणि न बदलण्याचा हट्टही तपासून पाहावा. पुष्कळदा तत्त्वनिष्ठेच्या नावाखाली आपण अहंकारच जपत असतो.

त्या मुलाला दीनचा अर्थ मराठीतून उलगडून सांगितल्याने दीन बदलत नाही. तो त्याच्या हृदयापर्यंत पोहोचतो. विद्या ही अमानत आहे, आणि अमानत ज्याची त्याला पोहोचती करावी लागते.

अल्लाह आपणा सर्वांना ज्ञानाबरोबर नम्रता प्रदान करो. आमीन.