दानाच्या पैशाने न्याय विचारावा काय?



भुकेल्याच्या पानात वाढले की दान झाले, याविषयी कोणालाच शंका नसते. पण तोच पैसा ‘हा माणूस भुकेला का राहिला?’ हे शोधण्यात खर्च केला, तर त्याला दान म्हणावे काय? संत थॉमस अक्वायनस दानधर्माला प्रेम व दया यांच्या रांगेत बसवतात. ज्याचे त्याला देणे, हा न्याय. दोन्ही सद्गुणच, पण एक नव्हेत. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात मात्र दोघांची गाठ पडली.

1914 साली तेथील क्लीव्हलंड ट्रस्ट बँकेचे अध्यक्ष फ्रेडरिक गॉफ यांनी क्लीव्हलंड फाउंडेशन स्थापन केले. माणूस मृत्युपत्रात लिहून जातो, अमक्याच कामाला पैसा वापरा. पन्नास वर्षांनी ते काम उरत नाही आणि पैसा कुलपात पडून राहतो. मेलेल्याचा हात जिवंतांच्या मनगटावर! गॉफ यांनी देणग्या एकत्र ठेवून, गरजेप्रमाणे त्यांचा उपयोग बदलण्याचा अधिकार एका समितीला दिला. तिचे काही सभासद बँकेने नेमायचे, काही महापौर व न्यायाधीशांनी. आजही हे फाउंडेशन तेथील सेवाभावी संस्थांना अनुदान देते.

सुरुवातीच्या वर्षांत मात्र त्याने विचारपूसच अधिक केली. 1920 साली शहर न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशाचेच नाव एका खुनात आले. खुनाच्या आरोपातून तो सुटला, पण खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरला. मग फाउंडेशनने रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर या कायदेपंडितांकडून पोलीस, सरकारी वकील, न्यायालये सगळ्यांची तपासणी करवली. 1922 साली छापलेल्या त्या अहवालातून वर्तमानपत्रेही सुटली नाहीत. जानेवारी 1919 च्या पहिल्या पंधरवड्यात गुन्ह्यांच्या बातम्यांनी 925 इंच जागा व्यापली होती, दुसऱ्यात 6,642 इंच. पोलिसांत नोंदलेले गुन्हे वाढले ते 345 वरून फक्त 363! लोक भ्याले ते चोरांना की छापखान्याला? असे आकडे फुकट मिळत नाहीत. कोणीतरी फूटपट्टी घेऊन बसावे लागते आणि त्याचेही घर चालावे लागते. आमच्या मते तो खर्च दानच होय.

तरी एक गोष्ट आम्हाला खटकते. नगराला जाब विचारण्याचा अधिकार बँकवाल्यांना दिला कोणी? फाउंडेशन हुकूम सोडत नव्हते, फक्त छापत होते, हे खरे. परंतु गरिबाच्या तक्रारीला एवढा कागद कधी मिळतो? पुढे डिसेंबर 1978 मध्ये क्लीव्हलंड नगरपालिका कर्ज फेडू शकली नाही. मुदत वाढवून द्यायला नकार देणाऱ्या बँकांत क्लीव्हलंड ट्रस्टही होती. फाउंडेशनचा त्यात हात होता असे आम्ही म्हणत नाही. पण 1922 साली न्यायालये आणि वर्तमानपत्रे मोजली गेली. 1978 साली त्या बँकांच्या वह्या कोणी मोजायच्या होत्या?