चोरी कुणाची?

बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) या कथेचा नायक नोकरीच्या गावी जात लपवून राहतो आणि ती उघडी पडताच मार खातो. अन्याय त्या मारात आहे, शब्दात काय शोधायचं, असं कुणी म्हणेल. पण बागूल 'लपवली' म्हणत नाहीत, 'चोरली' म्हणतात. लपवण्यात भीती असते. चोरी हा गुन्हा, आणि गुन्ह्याला शिक्षा रास्तच ठरते. म्हणजे हात उगारण्याआधीच मारणाऱ्यांचा न्याय भाषेत तयार असतो. हा आरोप बागूल मार खाणाऱ्याच्याच तोंडी देतात. मग ही कबुली झाली का? मुळीच नाही. जन्मानं चिकटणारी गोष्ट चोरता येत असेल, तर तिची मालकी कुणाची, हा प्रश्न वाचकाच्याच गळ्यात पडतो. निषेधाच्या विशेषणांना (सहानुभूतीच्या कथांत ती ढिगानं सापडतात) हे साधत नाही.