वेगळ्या मताचा माणूस आणि आपली जमात



बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर चौसाळा हे गाव लागते. बीड तालुक्यातील हे बाजाराचे गाव. मतदारसंघांची पुनर्रचना होण्यापूर्वी विधानसभेच्या एका मतदारसंघाला याच गावाचे नाव होते. अशा गावात राजकारण हा चहाच्या टपरीवरचा, शेताच्या बांधावरचा आणि मशिदीबाहेरच्या ओट्यावरचा नेहमीचा विषय असतो. तरीही आपल्या मोहल्ल्यांत त्याविषयी एक अलिखित नियम असतो. सर्वांचे मत एक असावे आणि कोणाचे वेगळे असेल तर त्याने ते बोलून दाखवू नये.

आता अशी कल्पना करा की, त्या मोहल्ल्यातील एखादा तरुण उभा राहून काही गोष्टी बोलतो. राखीव जागेवर निवडून आलेल्या आपल्या भगिनीने ग्रामपंचायतीच्या सभेत स्वतः बसावे, तिच्या पतीने नव्हे. आपल्याला न रुचणाऱ्या प्रत्येक लेखनावर सरकारने बंदी घालावी, अशी मागणी आपण करू नये. कारण तेच हत्यार उद्या आपल्यावर उगारले जाईल. दुसऱ्या समाजातील दुर्बलावर अन्याय झाला, तरी निवेदन घेऊन आपणही तहसील कचेरीवर जावे. मत कोणाला द्यावे, हे चार वडीलधाऱ्यांनी ठरवून घरोघरी कळवू नये. हा तरुण नमाज पढतो, रोजे ठेवतो, जकात देतो. परंतु या बोलण्यानंतर त्याच्याविषयी म्हटले जाते, "जास्त शिकला. आता तो आपल्यातला राहिला नाही."

तो खरोखर आपल्यातून गेला काय? जमातीचे त्याच्याप्रति कर्तव्य काय, आणि त्याचे जमातीप्रति काय? या प्रश्नाचा विचार रागाने किंवा भीतीने न करता दीनच्या शिकवणुकीच्या प्रकाशात करावयास हवा.

हिजरी २ मधील बद्रचा प्रसंग आपणा सर्वांस ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका जागी तळ दिला, तेव्हा हजरत हुबाब बिन मुंजिर (रजि.) यांनी अदबीने विचारले की, ही जागा अल्लाहच्या आदेशाने निवडली आहे, की हा युद्धनीतीचा आणि मताचा भाग आहे? हे मत आहे, असे उत्तर मिळताच त्यांनी पाण्याजवळची दुसरी जागा सुचविली आणि प्रेषितांनी (स.) ती मान्य केली. या प्रश्नातच एक मोठे तत्त्व दडलेले आहे. जेथे वह्यीचा आदेश आहे, तेथे श्रद्धावंताने मान तुकवावी. जेथे मताला वाव आहे, तेथे अल्लाहच्या प्रेषितांसमोरही (स.) वेगळे मत मांडता येते, तो अनादर ठरत नाही.

पुढच्याच वर्षी उहुदच्या वेळी प्रेषितांचा (स.) स्वतःचा कल मदीना शहरातच राहून संरक्षण करण्याकडे होता. पुष्कळ साथीदारांचा, विशेषतः तरुणांचा, आग्रह बाहेर पडण्याचा होता. प्रेषितांनी (स.) तो मानला. त्या युद्धात मुस्लिमांची मोठी हानी झाली. यानंतर सल्लामसलतीची पद्धतच बंद झाली असती, तर मनुष्यस्वभावानुसार ते नवल नव्हते. परंतु उहुदविषयीच्याच आयतींमध्ये, सूरह आले इमरानमध्ये, प्रेषितांना (स.) आदेश मिळाला तो या लोकांना क्षमा करण्याचा आणि त्यांच्याशी सल्लामसलत चालू ठेवण्याचा. एखाद्या सल्ल्याने नुकसान झाले, तरी सल्ला देण्याचा हक्क शिल्लक राहतो, हा बोध याहून स्पष्ट कसा असेल?

वर उल्लेखिलेल्या तरुणाची चारही विधाने या कसोटीवर घासून पाहा. त्यांपैकी एकही श्रद्धेच्या मूलतत्त्वाला किंवा एखाद्या स्पष्ट आदेशाला हात घालत नाही. राज्यकारभार कसा चालावा, नागरिकांचे हक्क कसे जपावेत, याविषयीची ती मते आहेत. ती चूक असू शकतात. चुकीच्या मताला युक्तिवादाने उत्तर द्यावे. माणसालाच दीनबाहेर ढकलणे हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

वाचकहो, हा प्रश्न आपल्या मराठवाड्याने फार जवळून अनुभवला आहे. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील. १९४८ मध्ये संस्थानातील मुस्लिमांना सांगितले जात होते की, रझाकारांचे मत हेच कौमचे मत आहे आणि त्याविरुद्ध बोलणारा कौमचा शत्रू. अशा वेळी हैदराबादेतील 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांच्या अत्याचारांवर टीका केली, संस्थानाने भारतात सामील व्हावे असे लिहिले आणि त्याच मताच्या काही मुस्लिम गृहस्थांचे निवेदनही छापले. २२ ऑगस्ट १९४८ च्या सुमारास रात्री घरी परतत असताना त्यांची हत्या झाली. ज्या हाताने ते लिहीत, तो हातही मारेकऱ्यांनी तोडला. मारणारे आणि मरणारा एकच कलिमा पढणारे होते.

तीन आठवड्यांनी, १३ सप्टेंबरला, भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर मराठवाड्यातील मुस्लिम वस्त्यांवर जे ओढवले, त्याच्या आठवणी अनेक घरांत आजही दबक्या आवाजात सांगितल्या जातात. पंतप्रधान नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संस्थानभरातील बळींची संख्या २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावी, असा अंदाज दिला. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार माणसे मारली गेली, असे त्या अहवालात म्हटले आहे. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुस्लिमांचे प्राण वाचविले, याचीही त्यात नोंद आहे. या रक्ताचे पाप ते सांडणाऱ्यांच्याच माथी आहे. मेलेल्या निरपराधांवर त्याचा कणभरही दोष येत नाही. तथापि एक प्रश्न आपण स्वतःस विचारावयास हवा. ज्यांनी वेळीच सावध केले, त्यांना बोलू दिले असते आणि त्यांचे ऐकले असते, तर आपले पाऊल थोडे वेगळे पडले असते काय?

त्या समितीत काझी अब्दुल गफ्फार हे होते, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हैदराबादेत 'पयाम' हे दैनिक काढणारे हे उर्दू लेखक पुरोगामी आणि राष्ट्रवादी विचारांचे म्हणून ओळखले जात. रझाकारांच्या व्याख्येनुसार असा माणूस कौमचा हितचिंतक ठरलाच नसता. परंतु कौमवर संकट कोसळले, तेव्हा उद्ध्वस्त गावांतून फिरून विधवांचे आणि अनाथांचे दुःख सरकारच्या कानी घालण्याचे काम अशाच माणसाने केले. आपला कोण आणि परका कोण, याचा निर्णय आपण किती घाईने करतो!

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व थांबावे, समान नागरी कायदा यावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. दलवाईंनी हा प्रश्न शरीअतच्या चौकटीबाहेर नेला, म्हणून बहुसंख्य मुस्लिमांनी त्यांचा मार्ग नाकारला; तो नाकारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. दलवाईंशी मतभेद असणे वेगळे. परंतु त्यांचा उपाय नाकारताना त्या सात भगिनींचे गाऱ्हाणेही आपण नाकारले. एका बैठकीतील तीन तलाक ही निंद्य प्रथा आहे, हे तर आपले उलमाही सांगत आले होते. इमाम इब्ने तैमिया आणि अहले हदीस विद्वान अशा तीन तलाकांना एकच मानतात. म्हणजे सुधारणेची वाट आपल्याच घरात होती. तिच्याविषयी जो बोलेल त्याला 'दलवाईवाला' म्हणून गप्प बसविण्यात आले. पन्नास वर्षे लोटली. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा रद्द केली आणि २०१९ मध्ये संसदेने तिच्यासाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद केली. या कायद्याविषयी आपली तक्रार रास्त असू शकेल. परंतु जी दुरुस्ती आपण आपल्या मशवऱ्यात केली नाही, ती दुसऱ्यांनी त्यांच्या पद्धतीने केली, हेही मान्य केले पाहिजे.

येथे न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जमातीतील वडीलधारी माणसे सावध असतात, त्यामागे केवळ हट्ट नसतो. १९४८ पाहिलेल्या आजोबांच्या नातवाला एकजूट हेच संरक्षण वाटते. घरातील भांडण चव्हाट्यावर गेले की त्याचा लाभ कोण उठवितो, हे तो रोज पाहतो. मशीद, मकतब, निकाह, मय्यतीचे कफनदफन हे सारे गावोगाव टिकून राहिले, ते याच परंपरानिष्ठ माणसांच्या कष्टाने आणि वर्गणीने. उदारमतवादी तरुणाने हे ऋण विसरू नये.

म्हणून त्याच्यावरही काही बंधने येतात. आपल्या माणसांची टिंगल करून बाहेरच्यांची शाबासकी मिळविणे हा उदारमतवाद नव्हे. मोहल्ल्यातील अन्यायावर तो बोलतो, तितक्याच स्पष्टपणे मोहल्ल्यावर होणाऱ्या अन्यायावरही त्याने बोलावे. सूरह निसामध्ये न्यायासाठी साक्ष देण्याचा आदेश आहे, मग ती स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध का असेना. तर सूरह माइदामध्ये एखाद्या गटाच्या शत्रुत्वामुळेही न्याय सोडू नका, अशी ताकीद आहे. दोन्ही आदेश एकत्र पाळावयाचे आहेत. शिवाय जेथे अल्लाह आणि त्याच्या प्रेषितांचा (स.) आदेश स्पष्ट आहे, तेथे आपल्या आवडत्या राजकीय विचाराशी जुळावा म्हणून शब्दांची ओढाताण करू नये.

आणि मुख्य म्हणजे त्याने सफ सोडू नये. हजच्या काळात मिना येथे हजरत उस्मान (रजि.) यांनी दोनऐवजी चार रकअती पढविल्या. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांना हे पटले नाही आणि प्रेषितांच्या (स.) मागे आपण येथे दोनच पढलो होतो, असे त्यांनी उघड सांगितले. तरीही नमाज मात्र त्यांनी इमामामागे चारच पढली. विचारले असता, फूट ही वाईट गोष्ट आहे, असे त्यांनी सांगितले. त्यांनी मतही लपविले नाही आणि जमातही तोडली नाही.

जमातीसाठी आदर्श हजरत अली (रजि.) यांचा आहे. खारिजी लोक त्यांना भर मशिदीत विरोध करीत. हजरत अलींनी (रजि.) त्यांना सांगितले की, तुम्हाला मशिदीत येण्यापासून रोखणार नाही, आमच्यासोबत आहात तोवर सामाईक संपत्तीतील तुमचा वाटा थांबविणार नाही आणि तुम्ही शस्त्र उगारल्याशिवाय तुमच्याशी लढणार नाही. ज्यांनी त्यांना काफिर ठरविले, त्यांना ही वागणूक मिळाली. मग जो तरुण फक्त आपल्याहून वेगळे मतदान करतो, त्याचा सलाम न घेणे, त्याच्या बहिणीचे लग्न मोडणे, त्याच्या घरच्या मय्यतीला न जाणे, याला कोणता आधार आहे? महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविला आहे. परंतु त्याच्या कितीतरी आधी सूरह हुजुरातने टिंगल, टोपणनावे, संशय आणि चहाडी यांची मनाई केली आहे. श्रद्धावंताला कायद्याच्या धाकाची वाट पाहावी लागू नये.

वाचकहो, हा प्रश्न चौसाळ्यासारख्या प्रत्येक गावात, किंबहुना प्रत्येक घरात उभा आहे. उद्या दस्तरखानावर आपला मुलगा किंवा मुलगी आपल्याला न पटणारे काही बोलेल. तेव्हा आवाज चढविण्याआधी हजरत हुबाब (रजि.) यांचा प्रश्न स्वतःस विचारा: मी जे धरून बसलो आहे, तो अल्लाहचा आदेश आहे की माझे मत? मत असेल, तर त्यांचे पूर्ण ऐकून घ्या, मग आपले म्हणणे मांडा. जे मूल घरात बोलू शकते, ते घरात राहते. ज्याला गप्प केले, ते एक दिवस मशिदीच्या पायऱ्याही चढेनासे होते. आणि ही हानी कोणत्याही निवडणुकीतील पराभवाहून मोठी आहे.

अल्लाह आपणा सर्वांस सत्य बोलण्याचे धैर्य, ते ऐकून घेण्याचे औदार्य आणि मतभेदातही बंधुभाव जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.